कळंब ते पुसद : पिवळ्या बुकाच्या मालकीबाबत

अर्जदार : प्रल्हाद महादेव गावंडे, वय बावन्न, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा अर्जनवीस, बैठक कळंब येथे कचेरीच्या फाटकासमोरील लिंबाखाली.

जिच्या वतीने : सुमनबाई, पेटीवाले कवडूजी भगत (मयत) यांची एकुलती मुलगी, राहणार कळंबजवळचे खेडे.

गैरअर्जदार क्रमांक एक : पुसद येथील एक वाचनालय. नाव मूळ अर्जात आहे. इथे हेतुपुरस्सर गाळले आहे.

गैरअर्जदार क्रमांक दोन : एक इसम. त्याचे नाव योग्य जागी येईल.

वादाची वस्तू : पेटी वाजविण्याचे एक फार जुने छापील पुस्तक, मुखपृष्ठ नाही, शीर्षकाचे पान नाही, पहिले शाबूत पान सतरावे. बोलीभाषेत ‘पिवळं बुक’.

मुदत : तान्ह्या (मुलांच्या) पोळ्यानंतरचा सोमवार ते गुरुवार, चार दिवस.

साक्षीदार : वंदनाताई, पांढरकवडा (तोंडी), हरिचंद राठोड, दिग्रसजवळचा तांडा (लेखी), ग्रंथपाल पवार, पुसद (समक्ष).

वरील तपशील आधी दिला, कारण प्रवास लिहिणारी शिकलेली मंडळी पहिल्या पानावर आभाळ, डोंगर आणि बगळे सांगतात, आणि माणूस घरातून कशासाठी निघाला हे वाचकाने शोधत बसायचे असते. माझ्या धंद्यात असे चालत नाही. कागद हातात घेतल्याबरोबर साहेबाला कळले पाहिजे की कोण, कुठला, कोणाविरुद्ध आणि काय मागतो. ज्यांनी कळंबहून पांढरकवडा, घाटंजी, आर्णी, दिग्रस असा वळसा घेऊन पुसद गाठलेले नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आभाळही येईल, पण आपल्या जागी.

कळंब, सोमवार

सोमवारी मी नेहमीप्रमाणे चिंतामणीला वरच्या पायरीवरूनच नमस्कार केला. आमचा देव जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरून खाली आहे. घाईच्या दिवशी भक्ताने वरूनच काम भागवले तरी तो रागावत नाही. लिंबाखाली टेबल मांडले. डावीकडे शाईचे पॅड, उजवीकडे कोरे कागद, मध्ये मी, ही मांडणी सव्वीस वर्षांत बदललेली नाही. माझ्या पॅडची शाई जांभळी असते. कळंबातले बाकीचे लिहिणारे निळी वापरतात. माझा कागद ढिगाऱ्यातून लांबूनच ओळखू यावा, म्हणून ही रीत मी मुद्दाम ठेवली आहे.

सुमनबाई आल्या त्या अर्ज लिहून घ्यायला नव्हे, तर एक पत्र घेऊन. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता निवृत्त आहेत. पत्र माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या,

“भाऊ, हे वाचा बरं. मले वाचता येते. पण मले वाटलं माह्या वाचण्यातच काही चूक हाये.”

वाचनात चूक नव्हती. पुसदच्या वाचनालयाच्या समितीचे ते पत्र असे होते : “आपला अर्ज मिळाला. आपले वडील निरक्षर होते, ही बाब त्यांनी स्वतः शासनाकडे केलेल्या अर्जावरील अंगठ्याच्या निशाणीवरून समितीच्या निदर्शनास आली आहे. निरक्षर व्यक्तीजवळ ग्रंथसंग्रह असणे व तिने ग्रंथाच्या समासात स्वर लिहिणे संभवत नाही. सबब आपली मागणी दप्तरी दाखल करण्यात येत आहे.”

दप्तरी दाखल! हे दोन शब्द लोकांना सभ्य वाटतात. मला त्यांचा अर्थ ठाऊक आहे. तक्रारीला जिवंतपणी पुरणे, हा तो अर्थ.

ज्यांना कवडूजी माहीत नाहीत त्यांच्यासाठी, सुमनबाईंकडून कळले ते सांगतो. कवडूजी भगत गाणी लिहीत नसत, चाली बांधत. दुसऱ्याने लिहिलेले गाणे त्यांच्या पेटीवर आले की त्याला पाय फुटत आणि ते गावोगाव चालू लागे. भीमजयंतीची गाणी, मयतीच्या घरी म्हणायची गाणी, तांड्यातल्या होळीची गाणी; तीन तालुक्यांत आजही लोक त्यांच्या चाली म्हणतात आणि कोणाच्या आहेत हे बहुतेकांना माहीत नाही. त्यांच्या घरी निळी ट्रंक होती. तिच्यात चाळीसेक पुस्तके. सुमनबाई तिला ‘बाबाची लायब्ररी’ म्हणतात. त्यातली बरीचशी पुस्तके आणि चालींच्या सगळ्या वह्या पुढे उधईने (वाळवीने) खाल्ल्या. पिवळे बुक तेवढे बचावले, कारण ते त्या वेळी ट्रंकेत नव्हते.

आता ते पुसदच्या वाचनालयात काचेच्या पेटीत आहे. सुमनबाईंच्या पुसदला दिलेल्या लेकीने मोबाईलवर फोटो पाठवला. खाली पाटी : ‘दुर्मिळ ग्रंथ. पांढरकवड्याच्या वकीलसाहेबांच्या खासगी संग्रहातून. समासातील स्वररचना वकीलसाहेबांच्या हस्ताक्षरात.’ आणि येत्या दसऱ्याला त्या समासातल्या चालींची एक पुस्तिका निघणार आहे, वकीलसाहेबांच्या नावाने.

“दसऱ्याले आमच्या विहारात त्याच चाली म्हणतो आमी,” सुमनबाई म्हणाल्या. “मंग यंदा आमी कोणाची चाल म्हणून राह्यलो म्हणायचं?”

“तुमचे वडील लिहीत होते, हे कोणाला माहीत नव्हतं का?”

“कोणी इचारलं त सांगे ना बाबा. नाई इचारलं त गप. चाल कोणाची म्हणून इचारलं तरच ‘माही’ म्हणे. असा माणूस.”

“मग अंगठा काहून दिला?”

“तेच त मले समजून नाई राह्यलं, भाऊ. चौथी पास होता. शाळेचा दाखला काही भेटत नाई.”

माझा संताप अनावर झाला. माझे वडील अंगठाच करत आणि मी आठवीपुढे गेलो नाही. शिक्षण कमी म्हणजे डोके कमी, हा हिशेब मांडणाऱ्यांशी माझे जुने वैर आहे. मी टेबलावर हात आपटून, चार लोकांसमक्ष, जाहीर केले : “ज्या गाढवाने हा अंगठा घेतला त्यालाही मी गैरअर्जदार करीन आणि कोर्टात खेचीन!”

सुमनबाई म्हणाल्या, “पयले बुकावर बाबाचं नाव त आणा, भाऊ.”

त्याच दिवशी मी पिशवी भरली : कोरे कागद, कार्बन, दोन लेखण्या, पॅड, एक जादा सदरा.

पांढरकवडा, मंगळवार

कळंबहून यवतमाळ आणि यवतमाळहून पांढरकवडा या प्रवासात सांगण्याजोगे काही घडले नाही. कपाशी फुलपात्यांवर होती. काळ्या रानात पाणी साचले होते आणि त्यात बगळे उभे होते. वर म्हटले ते बगळे हेच.

लॉजवर मात्र घडले. मॅनेजरने माझे आधार कार्ड घेतले, नाव लिहिले आणि धंद्याच्या रकान्यात मला न विचारता लिहिले : किरकोळ.

“हे काय?”

“सायेब, सगळ्यायचं तसंच लिहितो.”

“मला विचारलंत?”

“त्यात इचारायचं काय?”

मी ते त्याला खोडायला लावले. ‘अर्जनवीस’ हा शब्द त्याने तीनदा चुकीचा लिहिला, तीनदा मी दुरुस्त करवला. मागे दोन गिऱ्हाइके खोळंबली. खोळंबू देत. माणसाला न विचारता त्याच्या नावापुढे काहीही लिहून टाकायचे, ही सवय या देशातून गेलीच पाहिजे, असे मी त्याला सुनावले.

केळापूरला जाऊन देवीचे दर्शन घेतले. परत येऊन खानावळीत बसलो तर ताटात आधी भात आला आणि पोळी मागून. आमच्याकडे असे वाढले तर पाहुणा उठून जाईल. तेलंगण इथून लांब नाही, आणि ते ताटात आधी कळते. अंबाडीची भाजी मात्र अशी होती की मी दुसऱ्यांदा मागितली.

वकीलसाहेब वारले आहेत. त्यांच्या घरी त्यांच्या सूनबाई वंदनाताई भेटल्या. दुमजली स्लॅबचे घर, दारात तुळस. मी कागद पुढे केला आणि रीतसर विचारले की वकीलसाहेबांचा संगीताचा अभ्यास किती वर्षांचा.

वंदनाताई आधी हसल्या, मग पदराने तोंड झाकून पुन्हा हसल्या.

“मामंजींचा? अहो, शेजारी भजन सुरू झालं की ते खिडक्या लावायला सांगायचे. घरात पेटी नव्हती कधी. मी माहेरहून आणलेली तीसुद्धा परत पाठवली.”

“मग हे पुस्तक?”

“बाइंडिंगचा फार सोस होता त्यांना. कोणाचंही जुनं पुस्तक दिसलं की, आणा, बाइंडिंग करून देतो. लाल कापड, सोनेरी अक्षरं, आत आपला शिक्का.”

“आणि परत द्यायचे?”

“एकदा बाइंडिंग झालं की त्यांना ते आपलंच वाटायचं.” मग म्हणाल्या, “वाईट नव्हते ते. पुस्तकं सांभाळायचे. पण ज्याचं त्याला द्यायचं असतं, हे त्या घरात त्यांना कोण सांगणार? मी सून.”

मी लेखणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

“लिहून नाही देणार. कपाट आम्हीच दिलं त्या वाचनालयाला. माझे मिस्टर समितीवर आहेत, पाटीचा मजकूर त्यांचाच. पण मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं. कोणी मला समोर बसवून विचारलं तर खोटं नाही बोलणार.”

चहा उत्तम होता. माझा राग त्याने कमी झाला नाही. सत्य माहीत असलेली माणसे या जिल्ह्यात घरोघर आहेत; सही करणारी कुठे आहेत? हा प्रश्न मी उंबऱ्यावरूनच त्यांना ऐकवला. त्या म्हणाल्या, “सावकाश जा, पायरी ओली आहे.”

दिग्रसजवळचा तांडा, बुधवार

घाटंजीवरून आर्णीकडे जाताना सागाचे रान लागते. सागाला मोहोर आला होता; हिरव्या डोंगरांवर पीठ शिंपडल्यासारखे दिसत होते. हे मी मान वळवून नीट पाहिले, आणि तेवढ्यात पिशवीतले पॅड उघडे झाले. दिग्रसला उतरलो तेव्हा जादा सदऱ्यावर, पिशवीवर आणि माझ्या पांढऱ्या पायजम्यावर जांभळी शाई पसरली होती. ही शाई धुऊन जात नाही. मी ती त्याचसाठी वापरतो.

अशा अवस्थेत तांड्यावर पोचलो. ओट्यावरच्या बाया माझ्याकडे बघून एकमेकींना काही बोलल्या आणि खदखदून हसल्या. भाषा गोरमाटी असल्याने मला कळले नाही, पण विषय कळला.

हरिचंद राठोड सत्तरीचे आहेत, कवडूजींचे पेटीतले शिष्य; त्यांचा पत्ता सुमनबाईंनी दिला होता. दारातच “राम राम” म्हणून त्यांनी बाज टाकली, पाणी दिले. त्यांची म्हातारी आई, तिला ते याडी म्हणतात, तिने ज्वारीची भाकर, वरण आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. मी का आलो हे कोणी विचारले नाही. आमच्या कळंबात पाहुणा दारात दिसताच “काय काम काढलं?” असे विचारतात आणि कामानुसार चहा की जेवण ते ठरते. इथे आधी जेवण, मग हात धुणे, मग सुपारी, आणि त्यानंतर हरिचंद म्हणाले, “हां. आता बोला सायेब.”

मी पिवळ्या बुकाचे नाव काढले. मग त्यांनी याडीला आत जायला सांगितले, आणि ती गेली नाही.

“ते बुक माह्यापाशी होतं,” हरिचंद म्हणाले. “कवडूजी मास्तर सायकलीवर पेटी बांधून येत इथं. आमच्या होळीच्या लेंगी गाण्यायले त्यायनं चाली बांधून देल्ल्या. एका पावसाळ्यात बुक घेऊन आले. म्हणे, हरिचंद, माह्या छपरातून पाणी येते, हे तुह्यापाशी ठेव, दिवाळीले देजो.”

“मग?”

“दिवाळीच्या आधी इथं कार्यक्रम झाला. वकीलसायेब अध्यक्ष. त्यायनं बुक पायलं. म्हणे, पानं सुटून राह्यली, आणा, बाइंडिंग करून देतो. एवढा मोठा माणूस. नाई कसं म्हणू?”

“परत मागितलं नाही?”

“दोनदा गेलतो. म्हणे, बाइंडरकडं हाये. तिसऱ्या वक्ताले मले लाज वाटली.” हरिचंदांनी सुपारी बाजूला थुंकली. “मास्तर आले दिवाळीले. मी सांगणार होतो. पण त्यायनं बुकाचं इचारलंच नाई, अन् मीबी बोललो नाई. पुढच्या उन्हाळ्यात गेले मास्तर.”

याडी तिथूनच म्हणाली, “आता बोलून राह्यला. तवा तोंडात काय होतं?”

“याडी, गप.”

“मी कायले गप? तू होता ना गप.”

हरिचंदांनी मग भिंतीशी ठेवलेली पेटी काढली आणि त्या बुकातली एक चाल वाजवली. मला संगीतातले कळत नाही. एवढे लिहितो की चाल वर चढत गेली, एका सुरावर थांबली, आणि तो सूर विरेपर्यंत मघाच्या हसणाऱ्या बायाही हात थांबवून उभ्या होत्या.

मी त्यांचा जबाब तिथेच लिहून काढला. शेवटची ओळ संपवली, उजव्या हाताने कागद सरकवला, डाव्या हाताने पॅड काढले आणि हरिचंदांचा डावा हात धरला. हे सर्व एका दमात होते; सव्वीस वर्षांचा सराव आहे.

“सायेब, सायेब,” हरिचंद हसत हात सोडवून घेत म्हणाले, “सही येते मले. सातवी पास हाये. तुमी मघा आठवी म्हणाले ना? एकच यत्ता कमी हाये मी!”

बाया पुन्हा हसल्या. हरिचंदांनी झोकदार सही केली. धंद्यात वेळ वाचवावा लागतो, प्रत्येकाला विचारत बसलो तर दिवस पुरत नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले. आणि असल्या मामुली गोष्टीचे हसू करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात थोडा राग राहिला, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

पुसद, गुरुवार

पुसदच्या बसस्थानकावर तर्री पोहे खाल्ले. जीभ भाजली. पूस नदीला पाणी होते. थेट वाचनालयात गेलो.

ग्रंथपाल पवार हे पस्तिशीतले, चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. मला वाटले होते दारातूनच हाकलतील. त्यांनी खुर्ची दिली, काचेची पेटी उघडली, आणि लाल कापडी बाइंडिंगचे ते पुस्तक स्वतः टेबलावर आणून ठेवले. आत पहिल्याच पानावर वकीलसाहेबांचा शिक्का. पाने पिवळी, जवळजवळ हळदीची. समासांत बारीक, सरळ अक्षरांत सा रे ग म, आणि मधूनमधून चार शब्द : ‘तांड्यात बांधली.’ ‘मयतीत म्हणावयाची, द्रुत नको.’ एका ठिकाणी : ‘छपरातून पाणी. पेटीवर टोपले झाकले. चाल पूर्ण.’

मी उठून उभा राहिलो.

“पवारसाहेब! मी वकीलसाहेबांचं घर परवाच पाहून आलो. दुमजली, स्लॅबचं. त्यांच्या कोणत्या छपरातून पाणी येत होतं हो?”

“मीही समितीला तेच म्हटलं होतं,” पवार म्हणाले. “ते म्हणाले, लहानपणीचं घर असेल.”

“लहानपणी तांड्यात चाली बांधत होते?”

“गावंडे साहेब, बसा. मी तुमच्या बाजूचा आहे. पण समितीपुढे एक कागद आहे, आणि त्या कागदापुढे माझं काही चालत नाही. पाहा.”

त्यांनी फाईल काढली. कवडूजींनी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी केलेल्या अर्जाची झेरॉक्स. समितीच्या कोणीतरी ती माहितीच्या अधिकारात मिळवली होती. मी चष्मा लावला, तो अंगठा घेणाऱ्या गाढवाचे नाव टिपून घेण्यासाठी लेखणी उघडली, आणि वाचू लागलो.

‘श्री’ची शेपटी ओळीच्या खाली जाऊन उजवीकडे वळलेली होती. अशी शेपटी मी काढतो. ‘सबब विनंती की’ या शब्दांखाली दुहेरी रेघ होती. ती रेघ मी मारतो. तळाशी काळा झालेला अंगठा, त्याच्यापुढे ‘निशाणी डाव्या हाताची’, आणि त्याखाली शिक्का : प्र. म. गावंडे, अर्जनवीस, कळंब.

गैरअर्जदार क्रमांक दोन यांचे नाव येण्याची योग्य जागा हीच होती.

पवार माझ्याकडे पाहत होते. त्यांना शिक्का आधीच माहीत असणार आणि मी नाव सांगितले तेव्हाच त्यांना सारे कळले असणार. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. 

मला तो दिवस आठवला असता तर बरे झाले असते. काही सबब सांगता आली असती, की गर्दी होती, की म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. मला तो दिवस आठवत नाही. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी असा माणूस टेबलापुढे बसला असेल, आणि मी आदल्या दिवशी हरिचंदांचा धरला तसाच त्याचा हात धरला असेल. त्याने हात सोडवून घेतला नाही, एवढाच फरक. असे किती हात मी धरले, त्याची माझ्याकडे नोंद नाही.

मी पुस्तक पुढे ओढले आणि नुसती पाने उलटीत राहिलो, कारण पवारांकडे पाहण्याची माझी हिंमत नव्हती. अगदी शेवटी आलो. शेवटची दोन पाने बाइंडरच्या खळीने एकमेकांना चिकटली होती. आणि वरच्या पानावर, आतून उमटलेला, एक डाग होता. जांभळा.

माझ्या पायजम्यावर तोच होता.

“पवारसाहेब,” मी म्हणालो, “ही पानं उघडा.”

“फाटतील.”

“मग सावकाश उघडा. पण उघडा.”

पवारांनी आधी ओल्या कापसाने कडा भिजवल्या, पंधरा मिनिटे थांबले, मग स्टीलची फुटपट्टी आत घातली. एक कोपरा फाटलाच. बाकी पान निघाले. पानाच्या बाहेरच्या समासात अंगठा होता. बाइंडरने कडा कापल्यामुळे त्याचा वरचा भाग गेला होता. अर्धा राहिला होता, रेषा स्पष्ट. आणि आतल्या समासात, बाकी पुस्तकभर होती त्याच बारीक, सरळ अक्षरांत, लिहिले होते :

‘आज कळंबला मानधनाचा अर्ज केला. बुक पिशवीत नेले होते, दाखवायची वेळ आली नाही. लिहिणाऱ्याने हात धरून अंगठा घेतला. सही येते का, विचारले नाही. मी सांगितले नाही. शाई जाईना, म्हणून इथे अंगठा दाबून टिपली. संध्याकाळी पेटी घेतली. वरचा सा लागला नाही. — कवडू लक्ष्मण भगत.’

खाली सही होती. सुंदर, वळणदार, पूर्ण नावाची सही.

पवारांनी झेरॉक्स उचलून त्या पानाशेजारी ठेवली. दोन्ही अंगठ्यांच्या खालच्या अर्ध्यात एकच आडवा वण होता, कशाने तरी कापल्याचा. आम्ही दोघे बराच वेळ वाकून पाहत राहिलो.

मग त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, अर्धा अंगठा आणि चार ओळी, यावरून छापखान्यात गेलेली पुस्तिका थांबवता येत नाही. जे म्हणायचे ते लेखी द्या. पवार फोन ठेवून म्हणाले, “लेखी द्या म्हणतात. तुमच्यापेक्षा ते चांगलं कोण देणार?” त्यात टोमणा होता की नाही, मी ठरवू शकलो नाही.

वाचनालयाच्या पायरीवर बसून मी सुमनबाईंना फोन केला. सगळे सांगितले. अंगठा कोणी घेतला तेही सांगितले. 

“बाबानं लिहून ठेवलं म्हणता?”

“हो.”

“मले वाचून दाखवा.”

मी वाचून दाखवले. ‘वरचा सा’ची ओळ मी दोनदा वाचली.

“लागला असंन दुसऱ्या दिशी,” सुमनबाई म्हणाल्या. “बाबाचा सा एका दिवसाच्या वर रुसत नसे.” मग म्हणाल्या, “अन् भाऊ, तुमी त्या गाढवाले कोर्टात खेचणार होते ना?”

“हो.”

“मंग खेचा.”

सबब, गैरअर्जदार क्रमांक एक यांना विनंती की, काचेच्या पेटीवरील पाटी काढून तिच्या जागी ‘पेटीवाले कवडूजी लक्ष्मण भगत यांच्या संग्रहातून, चाली व हस्ताक्षर त्यांचेच’ अशी पाटी लावावी. दसऱ्याची पुस्तिका त्यांच्या नावाने काढावी किंवा काढूच नये. आणि वंदनाताईंना समितीपुढे बसवून एकदा विचारावे, त्या खोटे बोलणार नाहीत. गैरअर्जदार क्रमांक दोन, प्रल्हाद महादेव गावंडे, याच्याबाबत विनंती की, त्याने एका लिहित्या माणसाला न विचारता निरक्षर केले ही बाब त्याला मान्य आहे, ती त्याच्या नावानिशी नोंदवावी आणि दप्तरी दाखल करून टाकू नये. या अर्जाला लेखी उत्तर मिळावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही. उत्तर येईपर्यंत अर्जदार दर सोमवारी विचारणा करील.

अर्ज वाचून पाहिला, बरोबर आहे, म्हणून खाली सही केली आहे. आणि सहीशेजारी, सही येत असूनही, स्वखुशीने, माझ्या डाव्या हाताचा अंगठा, जांभळ्या शाईत.